कोयनेचा साक्षीदार : संवेदक-जाळ्यांतील विश्वास व संदेशमार्ग यांचा एक ऐतिहासिक विचार

दिनांक ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी पाटण तालुक्यात झालेल्या भूकंपाची आठवण त्या भागात आजही पुसलेली नाही. ६.३ प्रतीच्या त्या धक्क्यात पावणेदोनशे ते दोनशे माणसे दगावली आणि कोयनानगरची बहुतेक घरे जमीनदोस्त झाली. हा इतिहास सर्वांस परिचित आहे. प्रस्तुत निबंधाचा विषय मात्र त्या पहाटेच्या एका मूक साक्षीदारापुरता, व त्याच्या साक्षीमुळे उद्भवणाऱ्या एका प्रश्नापुरता मर्यादित आहे. कोयना धरणाच्या ‘१-अ’ या खंडाच्या पायातील गॅलरीत एक प्रवेगलेखक बसविलेला होता. जमीन हलू लागताच आपोआप सुरू व्हावे आणि हालचालीचा आलेख उमटवून स्वस्थ बसावे, एवढेच त्याचे काम. त्याने नोंदविलेला महत्तम प्रवेग धरणाच्या लांबीच्या दिशेने गुरुत्वीय प्रवेगाच्या ०.६३ पट, आडव्या दिशेने ०.४९ पट आणि उभ्या दिशेने ०.३४ पट होता. धरणाच्या आराखड्यात भूकंपासाठी धरलेला गुणांक ०.०५ एवढाच होता. आराखड्यातील स्थिर गुणांक आणि क्षणभर टिकणारा महत्तम प्रवेग या दोन राशी काटेकोरपणे तुलनीय नाहीत, हे खरे. तथापि अपेक्षा आणि साक्ष यांत केवढे अंतर पडले होते, याची कल्पना येण्यास हे आकडे पुरेसे आहेत.

आता असे समजा, की हे यंत्र एकाकी नसून शंभर लहान यंत्रांच्या एखाद्या बिनतारी जाळ्यात गुंफलेले आहे. त्याचा संदेश शेजारच्या यंत्राने उचलून पुढे द्यावयाचा आहे. आणि कोणत्या यंत्राचे म्हणणे ग्राह्य धरावे, हे त्या जाळ्याने स्वतःच्या हिशेबाने ठरवावयाचे आहे. अशा जाळ्यात ०.६३ ही नोंद मूळ ठाण्यापर्यंत पोहोचली असती काय? की ‘हे यंत्र बिघडलेले अथवा फितूर झालेले दिसते’ असे ठरवून शेजाऱ्यांनी ती वाटेतच टाकून दिली असती? गेल्या पंचवीस वर्षांत संवेदक-जाळ्यांतील ‘विश्वासाधिष्ठित संदेशमार्ग’ या विषयावर विपुल लेखन झाले आहे. त्यातील बरेचसे लेखन या प्रश्नाला बगल देते, असे आम्हांस वाटते. त्याचे कारण शोधावयाचे तर या कल्पनेच्या इतिहासात थोडे मागे जावे लागते, आणि कोयनेचे खोरे हे त्यासाठी फार सोयीचे ठिकाण आहे.

शिवाजीसागरात पाणी साठू लागल्यानंतर, म्हणजे १९६२ च्या सुमारास, धरणाच्या परिसरात लहान लहान हादरे जाणवू लागले व जमिनीतून गडगडाटासारखे आवाज ऐकू येऊ लागले. दख्खनचे पठार हा प्राचीन व अचल भूभाग आहे, अशी त्या काळी तज्ज्ञांची समजूत होती. तरीही या हादऱ्यांची दखल घेण्यात आली, ही गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राच्या पुढाकाराने कोयनानगर, सातारा, महाबळेश्वर आणि चिपळूणजवळील गोवळकोट अशा चार ठिकाणी भूकंपमापक बसविण्यात आले. कोयनानगरपासून इतर तीन ठाणी सुमारे ३० ते ६० किलोमीटरांच्या अंतरावर, परंतु निरनिराळ्या दिशांना होती.

हे चार ठाण्यांचे जाळे बिनतारी नव्हते. प्रत्येक ठाण्याचा आलेख कागदावर उमटत असे आणि तो माणसांच्या हातांनी पुण्याकडे जाई. म्हणजे संदेशाची वाट ठरलेली होती, तिच्यात फितुरीस वावही नव्हता. तरीसुद्धा विश्वासाचा प्रश्न होताच, आणि तो घड्याळाच्या रूपाने उभा होता. भूकंपाचे केंद्र ठरवावयाचे तर त्याच्या लहरी कोणत्या ठाण्यावर किती वाजता पोहोचल्या, हे माहीत असावे लागते. खडकातून प्राथमिक लहरी सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर वेगाने जातात. एखाद्या ठाण्याचे घड्याळ एका सेकंदाने पुढे असेल तर त्या ठाण्यापासूनचे अंतर सहा किलोमीटरांनी चुकते. आणि कोयनेच्या अरुंद खोऱ्यात सहा किलोमीटर म्हणजे एका डोंगराऐवजी दुसरा डोंगर! १९६७ च्या मुख्य धक्क्याचे केंद्र निरनिराळ्या संस्थांनी निरनिराळ्या ठिकाणी दाखविले, आणि त्याच्या खोलीबद्दलही मतभेद राहिले. यात कोणाचीही लबाडी नव्हती. ठाणी थोडी, काही फार दूरची आणि भूगर्भातील वेगांचे ज्ञान अपुरे. ही कारणे त्यास पुरेशी होती.

या अडचणीवर भूकंपशास्त्रज्ञांचा एक जुना उपाय आहे, आणि विश्वासाच्या दृष्टीने तो मोठा बोधक आहे. प्राथमिक लहर आधी येते व दुय्यम लहर मागाहून येते. या दोहोंमधील सेकंदांना आठाने गुणले, की भूकंपकेंद्राचे अंतर किलोमीटरांत स्थूलमानाने मिळते. पाच सेकंदांचे अंतर असेल तर केंद्र सुमारे चाळीस किलोमीटरांवर. येथे ठाण्याचे घड्याळ पुढे आहे की मागे, हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण दोन्ही लहरी एकाच घड्याळावर मोजल्या जातात. साक्षीदाराच्या घड्याळावर भरवसा नसला तरी त्याच्या साक्षीतील अंतर्गत संगती ग्राह्य धरता येते. ‘या ठाण्यावर विश्वास ठेवावा काय?’ असा ढोबळ प्रश्न न विचारता ‘या ठाण्याच्या कोणत्या म्हणण्यावर विश्वास ठेवावा?’ असा नेमका प्रश्न विचारण्याची ही रीत होय. पुढील विवेचनात हा भेद आपणांस वारंवार उपयोगी पडणार आहे.

आता बिनतारी जाळ्यांकडे वळू. सुमारे १९९८ पासून अमेरिकेतील बर्कली येथे ‘धूलिकण’ या नावाखाली अतिलहान संवेदक बनविण्याचे प्रयत्न सुरू झाले. जाळ्यातील प्रत्येक संवेदक हे एक ठाणेच. फरक इतकाच, की ते काडीपेटीएवढे, घटावर चालणारे आणि माणसाच्या देखरेखीवाचून रानावनात टाकून देण्याजोगे. त्याचा आवाज दूरवर पोहोचत नाही. म्हणून त्याने शेजाऱ्याला सांगावे, शेजाऱ्याने त्याच्या शेजाऱ्याला, असे टप्प्याटप्प्याने वृत्त मूळ ठाण्यापर्यंत जावे, अशी ही योजना. २००१ मध्ये बर्कलीच्याच संशोधकांनी ‘स्पिन्स’ ही संरक्षणपद्धती मांडली, तेव्हा त्यांच्या हाती असलेल्या संवेदकाची कार्यस्मृती अवघी ५१२ बाइट होती. या निबंधाचे एक वाक्यसुद्धा तीत मावणे कठीण! अशा दुबळ्या यंत्राकडून त्या काळच्या भारी कूटलेखनाची अपेक्षा करणे व्यर्थ होते. म्हणून मूळ ठाण्याशी प्रत्येकाची एक गुप्त किल्ली ठेवून हलक्या साधनांनी संदेशाचे रक्षण करण्याचा मार्ग त्यांनी पत्करला.

परंतु किल्ली म्हणजे विश्वास नव्हे. रानात पडलेला संवेदक कोणी उचलला आणि त्यातील किल्ली काढून घेतली, तर तो शत्रूच्या पक्षातून पण आपल्या गणवेशात बोलू लागतो. २००३ मध्ये ख्रिस कार्लोफ व डेव्हिड वॅग्नर या दोघांनी (हेही बर्कलीचेच) तोवर सुचविण्यात आलेल्या संदेशमार्ग-पद्धती एकेक करून तपासल्या आणि त्यांतील एकीचीही रचना संरक्षण डोळ्यांपुढे ठेवून झालेली नाही, असे दाखवून दिले. त्यांनी वर्णिलेले कपटप्रकार वाचताना आपल्याकडील जुन्या बखरींची आठवण व्हावी. एखादे ठाणे ‘माझ्याकडूनच सर्वांत जवळची वाट आहे’ अशी आवई उठवून आसमंतातील सारे वृत्त स्वतःकडे ओढून घेते. दुसरे एखादे वृत्त घेते खरे, पण निवडक तेवढेच पुढे पाठविते व बाकीचे गिळून टाकते. तिसरे बहुरूप्याप्रमाणे एकाच वेळी अनेक नावांनी वावरते. कूटलेखन यांतील पहिल्या दोहोंपुढे जवळजवळ निरुपाय ठरते, कारण संदेश वाचणे हा येथे शत्रूचा हेतूच नसतो. त्याला तो पोहोचू द्यावयाचा नसतो.

मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकास यात नवे काही वाटू नये. जानेवारी १७६१ मध्ये नानासाहेब पेशवे उत्तरेच्या वाटेवर असताना भाऊसाहेबांच्या छावणीकडून येणारे वृत्त बंद पडले होते, आणि पानिपतच्या अनर्थाची पहिली वार्ता त्यांना मिळाली ती सावकारांच्या कासिदाकडील पत्रातून. मोती, मोहरा आणि खुर्दा यांच्या सांकेतिक भाषेत लिहिलेले ते पत्र पेशव्यांना उद्देशून नव्हतेच. सरकारी मार्ग तुटला, सावकारी मार्ग शाबूत राहिला. त्या पत्रावर विश्वास का बसावा? एक तर सावकाराचा कासीद वर्षानुवर्षे हुंड्या-चिठ्ठ्या पोहोचवीत आलेला. आणि दुसरे असे, की पेशव्यांना बरे वाटावे किंवा वाईट वाटावे यात त्या सावकाराचा काहीच स्वार्थ नव्हता. पहिले कारण वाहकाच्या पूर्वचरित्राचे आहे, दुसरे कथकाच्या निःस्वार्थपणाचे. ही दोन कारणे भिन्न आहेत, एवढे येथे ध्यानात ठेवावे.

पूर्वचरित्रावरून विश्वास मोजण्याची कल्पना बिनतारी जाळ्यांत प्रथम ठळकपणे आली ती २००० मध्ये, स्टॅनफर्ड येथील सर्जियो मार्टी व त्यांचे सहकारी यांच्या निबंधातून. त्यांची युक्ती साधी आहे. मी शेजाऱ्याला संदेश दिला, की त्यानंतर कान देऊन बसतो. शेजाऱ्याने तो पुढे उच्चारल्याचे ऐकू आले तर ठीक, न आले तर त्याच्या नावावर एक ठपका. या पहारेकऱ्याच्या नोंदींवरून मार्गांची प्रतवारी लावावयाची आणि वाईट ठाणी टाळावयाची. दोन संदेश एकमेकांवर आदळले तर पहारेकरी फसतो, दोघा ठाण्यांनी संगनमत केले तरी फसतो, ही वैगुण्ये त्या निबंधातच प्रांजळपणे नमूद केलेली आहेत. त्यानंतर २००२ मध्ये लोझान येथे बुखेगर व ल बुदेक यांनी, आणि फ्रान्समध्ये मिक्यार्दी व मोल्वा यांनी, स्वतःच्या अनुभवाबरोबर इतरांकडून कळलेली कीर्तीही हिशेबात धरण्याच्या पद्धती मांडल्या. दुसऱ्याच्या तोंडून आलेली निंदा ग्राह्य धरली, की चांगल्या ठाण्याला बदनाम करण्याचे शस्त्र लबाडाच्या हाती येते. म्हणून मिक्यार्दी व मोल्वा यांनी परक्याकडून केवळ स्तुती स्वीकारावी, निंदा स्वीकारू नये, असा दंडक घातला. गावकीचा अनुभव असलेल्या वाचकास या दंडकाचे मर्म वेगळे सांगावयास नको. मात्र खोट्या स्तुतीचा धोका त्याने तसाच राहतो.

खास संवेदक-जाळ्यांसाठी या कल्पनेला गणिती बैठक दिली ती सौरभ गणेरीवाल व मणी श्रीवास्तव यांनी २००४ मध्ये, लॉस एंजेलिस येथे. एखाद्या ठाण्याने चांगले वर्तन किती वेळा केले व वाईट किती वेळा केले, हे मोजावे. चांगल्यांच्या संख्येत एक मिळवावा. आणि त्या बेरजेस दोन्ही संख्यांच्या बेरजेत दोन मिळवून येणाऱ्या आकड्याने भागावे. दहा वेळांपैकी आठदा संदेश पोहोचविला तर विश्वासमूल्य नऊ भागिले बारा, म्हणजे ०.७५. जे ठाणे अद्याप काहीच बोललेले नाही त्याचे मूल्य ०.५. अनोळखी मनुष्याला ना देव मानावे, ना चोर, असा हा समतोल! जुन्या वर्तनाचे वजन काळाबरोबर घटत जावे, अशीही तरतूद त्यात आहे. थोड्या स्मृतीत, थोड्या गणिताने मावणारी ही रीत सुटसुटीत खरीच, आणि पुढील बहुसंख्य लेखकांनी तिचीच विविध रूपे मांडली आहेत.

पण येथेच कोयनेचा साक्षीदार आडवा येतो. गणेरीवाल-श्रीवास्तव पद्धतीत ‘चांगले वर्तन’ ठरविताना संदेश पुढे दिला की नाही एवढेच पाहिले जात नाही. ठाण्याची नोंद शेजाऱ्यांच्या नोंदींशी जुळते की नाही, हेही पाहिले जाते. शेजारशेजारच्या ठिकाणी तापमान सारखेच असावयाचे, ओलही साधारण सारखीच. तेव्हा चौघांत एकच वेगळे बोलत असेल तर ते बिघडलेले असण्याचा संभव अधिक, असा त्यामागील तर्क आहे. शेताच्या किंवा गोदामाच्या बाबतीत हा तर्क योग्य आहे. भूकंपाच्या, दरड कोसळण्याच्या किंवा धरणाच्या भिंतीला तडा जाण्याच्या बाबतीत तो उलटतो. तेथे घटनेच्या अगदी जवळ असलेले ठाणेच सर्वांहून वेगळे बोलते. लहान हादरा एकाच ठाण्याला जाणवतो आणि तीस किलोमीटरांवरच्या ठाण्याला त्याचा मागमूसही लागत नाही, यात अस्वाभाविक काही नाही. शेजाऱ्यांशी न जुळणाऱ्याला शिक्षा करणारे जाळे, ज्या घटनेसाठी उभारले तिच्याच साक्षीदाराला शिक्षा करते. आणि संदेशमार्गही त्याच मूल्यावर ठरत असल्यामुळे त्याचे म्हणणे अमान्य होते एवढेच नव्हे, तर त्याच्यामार्फत येणाऱ्या इतरांच्या संदेशांची वाटही बंद होते.

मग ‘१-अ’ खंडातील नोंद मान्य झाली ती कशामुळे? त्याच्या शेजाऱ्यांच्या दुजोऱ्याने नव्हे. पूर्वग्रह तर सर्वस्वी विरुद्ध होता. ती मान्य झाली एका निराळ्या जातीच्या साक्षीमुळे. धरणाच्या दोन्ही अंगांस, पायापासून सुमारे ६६ मीटर उंचीवर, जेथे मागील बाजूचा उतार बदलतो त्या पातळीजवळ, आडव्या चिरा पडल्या होत्या. बर्कली येथील अनिल चोप्रा व त्यांचे सहकारी चक्रबर्ती यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नोंदविलेली हालचाल धरणाच्या गणिती प्रतिमेला लावून पाहिली. काँक्रीटच्या ताणसहनशक्तीपलीकडचे ताण ज्या भागात येतात असे गणिताने निघाले, त्याच भागात प्रत्यक्ष चिरा होत्या. यंत्राची साक्ष आणि भिंतीची साक्ष परस्परांस पूरक ठरली. भिंत काही यंत्राच्या कानाला लागलेली नव्हती; दोघांत संगनमताचा संभव नव्हता. सावकाराच्या पत्राप्रमाणेच हिचेही बळ तिच्या निःस्वार्थपणात होते. (धूलिकण, स्पिन्स, कार्लोफ-वॅग्नर आणि कोयनेचे हे गणित, ही सारी एकाच विद्यापीठातली, पण तेथेही या दोन विषयांची गाठ पडल्याचे आमच्या पाहण्यात नाही.) त्या एका नोंदीचा परिणाम दूरगामी झाला. १९७० च्या सुधारित भारतीय भूकंपक्षेत्र-नकाशातून ‘शून्य’ क्षेत्र काढून टाकण्यात आले आणि कोयनेचा परिसर चौथ्या क्षेत्रात गेला. धरणाच्या उंच खंडांना मागून काँक्रीटचे टेकू देण्यात आले. जगात कोठेही काँक्रीटच्या धरणाचे गणित करणारी नवी पद्धती निघाली, की ती प्रथम कोयनेच्या नोंदीवर तपासून पाहण्याचा परिपाठ पडला, तो अद्याप चालू आहे. एका यंत्राच्या एकाच साक्षीवर एवढा डोलारा उभा राहावा, हे काहीसे अस्वस्थ करणारेही आहे. त्याच्या जोडीला दुसरा प्रवेगलेखक असता तर कितीतरी वाद टळले असते.

या सर्वांवरून आम्हांस असे म्हणावयाचे आहे, की विश्वासाचे दोन प्रकार वेगळे मोजले पाहिजेत : वहनाचा विश्वास आणि कथनाचा विश्वास. दिलेला संदेश इमानाने पुढे देतो काय, हा पहिला. स्वतः सांगतो ते खरे काय, हा दुसरा. पहिल्याच्या बाबतीत पूर्वचरित्राचा हिशेब चांगला चालतो, कारण वहन हे रोजचे काम आहे आणि शेकडो वेळांच्या अनुभवावरून अनुमान काढता येते. दुसऱ्याच्या बाबतीत तो अपुरा पडतो, कारण ज्या कथनाची खरी गरज असते ते दहा-वीस वर्षांतून एकदाच ऐकू येते. त्याचे पूर्वचरित्र असूच शकत नाही. वेगळे बोलणाऱ्या ठाण्याची वाट तोडू नये; त्याचे म्हणणे ‘असंमत’ असा शेरा मारून का होईना, मूळ ठाण्यापर्यंत जाऊ द्यावे, आणि निवाडा भिन्न जातीच्या साक्षीने तेथे व्हावा. यात घटाची शक्ती अधिक खर्च होईल, हा आक्षेप खरा आहे. असंमत संदेशांचा पूर लोटून जाळे गुदमरविण्याची संधी शत्रूस मिळेल, हा आक्षेप त्याहून गंभीर आहे. प्रत्येक ठाण्यास अशा संदेशांची मर्यादित शिधापट्टी ठरवून देणे, याखेरीज तूर्त आम्हांस उपाय दिसत नाही.

रानात उभारलेल्या प्रत्यक्ष जाळ्यांचा अनुभवही येथे पाहण्याजोगा आहे. २००५ च्या ऑगस्टमध्ये इक्वेडोरमधील रेव्हेंतादोर ज्वालामुखीवर १६ संवेदकांचे बिनतारी जाळे १९ दिवस चालविण्यात आले. तेथे कोणी शत्रू आला नाही. पण कालमेळ राखणाऱ्या पद्धतीत दोष निघाला, वेळेच्या नोंदी बिघडल्या आणि त्या मागाहून दुरुस्त करून घ्याव्या लागल्या. चार दशकांपूर्वी कोयनेच्या चार ठाण्यांना जी चिंता होती तीच ही. आपल्याकडे केरळातील मुन्नार येथे अमृता विद्यापीठाने दरडींची पूर्वसूचना देण्यासाठी असे जाळे उभारले; डोंगरउतारात पुरलेले संवेदक पाण्याचा दाब व मातीची हालचाल मोजतात. एकच घटना दोन भिन्न राशींतून बोलते, ही त्या रचनेतील जमेची बाजू होय.

कोयनेत १९६७ नंतर ठाणी वाढत गेली. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने उपग्रहाकडून वेळ घेणारी अंकीय यंत्रे बसविली, आणि २००५ पासून तेथील नोंदी घडत्या क्षणीच हैदराबादेस पोहोचू लागल्या. पुढे बेसाल्टच्या थराखालील ग्रॅनाइटी खडकात, पृष्ठभागाच्या गोंगाटापासून दूर, खोल छिद्रांतही भूकंपमापक सोडण्यात आले. आणि २०१७ मध्ये गोठणे येथील प्रायोगिक छिद्र सुमारे ३ किलोमीटर खोलीपर्यंत गेले. घड्याळाचा जुना प्रश्न त्यामुळे जवळजवळ मिटला आहे. मात्र भूकंप हे पाटणचे एकच संकट नव्हे. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आंबेघर, मिरगाव व ढोकावळे या वाड्यावस्त्यांवर दरडी कोसळल्या. रस्ते तुटले, मदत पोहोचण्यास विलंब लागला. अशा उतारांवर उद्या स्वस्त बिनतारी संवेदक बसतीलच. त्या वेळी जो उतार सुटू लागेल त्यावरचे ठाणे शेजारच्या स्थिर उतारांवरील ठाण्यांशी विसंगत बोलेल, आणि ते बोलावयास त्याला कदाचित काही मिनिटांचाच अवधी मिळेल. त्याचे विश्वासमूल्य त्या काही मिनिटांत घसरावे अशी योजना जाळ्यातच असेल, तर खालच्या वस्तीला सूचना मिळणार नाही.

या विषयावर प्रबंध लिहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांस एक प्रयोग सुचवावासा वाटतो. विश्वासमूल्याच्या पद्धती आजवर बहुधा संगणकावरील कल्पित जाळ्यांवर तपासल्या जातात. तेथे लबाड ठाणी किती, हे संशोधकच ठरवितो, आणि मोठी घटना मात्र घडतच नाही. त्याऐवजी कोयनेच्या प्रत्यक्ष नोंदी घ्याव्यात. १९६३ नंतर तेथे नोंदलेल्या असंख्य हादऱ्यांपैकी जे एका किंवा दोनच ठाण्यांवर स्पष्ट उमटले ते निवडावेत. प्रत्येक पद्धतीपुढे ते जसेच्या तसे ठेवावेत. आणि किती खऱ्या हादऱ्यांना ती पद्धत खोटे ठरविते, हे मोजावे. त्यानंतर त्याच नोंदींत बिघडलेल्या घड्याळाची एक-दोन सेकंदांची चूक मुद्दाम मिसळावी, आणि प्राथमिक-दुय्यम लहरींतील अंतराची अंतर्गत संगती तपासणाऱ्या पद्धतीला ती ओळखता येते काय, हे पाहावे.